इंग्रिडनंही शाळा सोडली होती

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईनं स्टुडिओत येऊन मला वाचून दाखवला. मालिकेत मोठा रोल मिळतोय आणि त्यासाठी नाट्यशास्त्राचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षानंतरच सोडावा लागेल, इथपर्यंत समजलं. पण शेवटी तू जी पाचर मारून ठेवलीस, "बाबा, तुमच्या लाडक्या इंग्रिड बर्गमननंसुद्धा वर्षभरात नाट्यशाळा सोडलीच होती ना?", तिचं उत्तर फोनवर देता आलं नसतं. तू मध्येच बोलतेस. म्हणून कागद घेतला.

त्या स्वीडिश नटीनं सोडली होती, कबूल. पण तू मला निम्मीच गोष्ट सांगितलीस. ती त्या शाळेत कशी पोचली आणि सोडल्यावर नाटकाशी कशी वागली, हे सोयीनं गाळलंस. वकिली करायची तर पुरावा पूर्ण दाखवावा.

मुळात ही बाई मला आवडायला लागली ती तिच्या वडिलांमुळे, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. युस्टुस बर्गमन यांचं स्टॉकहोममध्ये स्ट्रांडव्हेगन या रस्त्यावर फोटोचं दुकान होतं. म्हणजे माझ्यासारखाच फोटोग्राफर, आमच्याच जातीचा माणूस. इंग्रिड १९१५ ची. ती तीन वर्षांची व्हायच्या आत आई गेली. युस्टुस यांनी हलत्या चित्रांचा कॅमेरा आणून मुलीचे वाढदिवस टिपून ठेवले, आणि आईच्या थडग्यावर फुलं ठेवणारी एवढीशी इंग्रिडसुद्धा. ती चित्रफीत आजही आहे. मी ती बघितली तेव्हा डोक्यात पहिला विचार आला तो धंद्यातला: या माणसानं कॅमेरा किती स्थिर धरलाय! बायकोच्या थडग्यापाशी मला ते जमलं नसतं.

मुलीनं ऑपेरात गावं अशी त्यांची इच्छा. पण अकराएक वर्षांच्या इंग्रिडला ते रॉयल ड्रॅमॅटिक थिएटरमध्ये एका नाटकाला घेऊन गेले आणि मध्यंतरातच पोरगी मोठ्यानं म्हणाली की मला हेच करायचंय. १९२९ साली वडीलही गेले. ज्या आत्याकडे राहायला गेली तीही काही महिन्यांत गेली. मग काका-काकूंचं घर. काका देवभीरू, त्यांना नाटकवाले म्हणजे वाया गेलेले लोक वाटत. त्यांनी एकच संधी दिली: त्या थिएटरच्या नाट्यशाळेची प्रवेश परीक्षा दे, नापास झालीस तर हे खूळ कायमचं सोडायचं.

आता ही परीक्षा बघ, कारण तूही त्यातून गेलीयेस. १९३३ चं साल. बाकीच्या मुली रडक्या, गंभीर उतारे घेऊन आल्या असणार असं ताडून हिनं एक खट्याळ खेडवळ पोरगी निवडली. पडद्याआडून धावत आली, उडी मारून रंगमंचावर उतरली, खळखळून हसली, पहिली वाक्यं घेतली आणि समोर बघते तर परीक्षक आपसात बोलतायत. तेवढ्यात आवाज आला, पुरे, आभारी आहोत. एवढंच. बाहेर येऊन ती पाण्याच्या काठाशी गेली, जीव द्यावा असं मनात आलं, आणि पाणी फार घाण आहे असं बघून मागे फिरली! नंतर कळलं, पास. कितीतरी वर्षांनी त्या परीक्षकांपैकी आल्फ शेबेर्य यांनी तिला सांगितलं की तू रंगमंचावर उडी मारलीस तेव्हाच आमचं ठरलं होतं, पुढचं ऐकत बसायची गरजच नव्हती. हे मी तुला मुद्दाम लिहितोय. तुझी परीक्षा झाली त्या दिवशी, "त्यांनी मला पूर्ण करूच दिलं नाही," म्हणून तू स्वारगेटवरून रडत फोन केला होतास.

तर शाळा तीन वर्षांची. पहिलं वर्ष संपल्यावर उन्हाळ्यात सिनेमाचं काम आलं आणि इंग्रिडनं रामराम ठोकला. थिएटरचे नवे प्रमुख ओलोफ मोलांडर भयंकर संतापले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेयस, असा त्यांचा सूर होता. गंमत बघ, पुढे तिला नाव मिळवून देणारा 'इंटरमेझो' हा १९३६ चा सिनेमा दिग्दर्शित केला तो त्यांचेच सख्खे भाऊ गुस्ताफ मोलांडर यांनी. त्याच सिनेमामुळे हॉलिवुडचा निर्माता डेव्हिड सेल्झनिक याचं तिच्याकडे लक्ष गेलं आणि १९३९ मध्ये ती अमेरिकेला गेली.

इथपर्यंत गोष्ट तुझ्या बाजूची आहे. पुढे मात्र नीट ऐक.

सेल्झनिकनं तिला सांगितलं, नाव बदल, भुवया कोर, दात नीट करून घे. चोवीस वर्षांचीही नव्हती ती, इंग्रजी धड येत नव्हतं. ती म्हणाली, मग मी परत जाते. सेल्झनिक हुशार; त्यानं यू टर्न घेतला आणि 'काहीही न बदललेली नटी' हीच तिची जाहिरात करून टाकली. तुला त्या ऑडिशनला कुणीतरी पुढच्या दोन दातांबद्दल बोललं, असं आई म्हणाली. मला तू सांगितलं नाहीस. असो. मी तुझे जन्मल्यापासून फोटो काढतोय, त्या दातांना लेन्समध्ये काहीही होत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिनं एकाच साच्यात बसायला दिलेला नकार. १९४१ मध्ये 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' करताना तिला नायकाची सोज्वळ वाग्दत्त वधू दिली होती आणि लाना टर्नरला दारूच्या गुत्त्यातली बाई. इंग्रिड हट्टाला पेटली, मला गुत्त्यातली द्या. अदलाबदल झाली. तुझ्या मालिकेत तू कोण आहेस, हे मेसेजमध्ये नव्हतं. धाकटी सून असशील, तर तीन वर्षं डोळ्यांत पाणी आणि हातात पूजेचं ताट. वाईट काही नाही, त्यावर घरं चालतात. पण पाचशे भागांनंतर तू गुत्त्यातली बाई मागशील तेव्हा कुणी देईल का, हा विचार आज करायचा.

आणि नाटक? शाळा सोडली म्हणून तिनं नाटक सोडलं नाही, हे तू सांगितलंच नाहीस. हॉलिवुडमध्ये पाऊल टेकल्यावर वर्षभरातच, १९४० मध्ये, ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'लिलिओम' या नाटकात उभी होती. १९४६ मध्ये, 'कॅसाब्लांका' आणि 'गॅसलाइट' होऊन, ऑस्कर घरी आल्यावर, कोट्यवधींच्या सिनेमांच्या मध्येच तिनं 'जोन ऑफ लोरेन' हे नाटक घेतलं. आधी वॉशिंग्टनला प्रयोग होते. तिथल्या सभागृहात काळ्या लोकांना प्रवेश नाही, हे तिला तिथं गेल्यावर कळलं. तिनं पत्रकारांपुढे सरळ सांगितलं की आधी माहीत असतं तर मी या गावात पाऊल टाकलं नसतं. लोक तिच्यावर थुंकले. या नाटकासाठी तिला टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, आणि तोही पहिल्याच वर्षीच्या टोनींपैकी.

नाटक तिच्या किती उपयोगी पडलं, ते पुढच्या पडत्या काळात दिसतं. १९४९ मध्ये ती इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीबरोबर काम करायला इटलीला गेली, त्याच्या प्रेमात पडली. नवरा आणि दहा वर्षांची मुलगी पिया अमेरिकेत. १९५० च्या फेब्रुवारीत मुलगा झाला, लग्नाआधी. मार्चमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये एडविन जॉन्सन नावाच्या सिनेटरनं उभं राहून तिच्यावर भाषण ठोकलं. पडद्यावर जोन ऑफ आर्क झालेली, नन झालेली बाई, म्हणून लोकांना जास्तच झोंबलं. हॉलिवुड बंद. रोसेलिनीबरोबरचे सिनेमे एकामागून एक आपटले, आणि तिनं दुसऱ्या दिग्दर्शकाकडे काम केलेलं त्याला खपत नसे. समीक्षक आज त्या सिनेमांना डोक्यावर घेतात, त्याचा तेव्हा तिला काय उपयोग?

त्या दिवसांत तिला हात दिला तो रंगमंचानं. १९५३ मध्ये नेपल्सच्या ऑपेरागृहात होनेगेर या संगीतकाराच्या संगीतावरच्या प्रयोगात ती जोन म्हणून उभी राहिली आणि तोच प्रयोग घेऊन युरोपभर फिरली. १९५६ मध्ये पॅरिसमध्ये चक्क फ्रेंच भाषेत नाटक केलं. स्वीडिश, जर्मन, इंग्रजी, इटालियन, फ्रेंच, पाच भाषांत काम केलं बाईनं, आणि उच्चारातला स्वीडिश हेल अखेरपर्यंत गेला नाही. तुझ्या बोलण्यातली सांगली कुणी काढू बघत असेल तर हे लक्षात ठेव.

त्याच सुमाराला 'अनास्तासिया' आला, दुसरं ऑस्कर मिळालं, अमेरिका पुन्हा गोड झाली. रोसेलिनी मात्र तोवर आपल्याकडे आला होता, नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतावर सिनेमा करायला. मुंबईत ताजमध्ये मुक्काम. सोनाली दासगुप्ता या विवाहित बाईबरोबरचं त्याचं प्रेमप्रकरण गाजलं ते इथलंच. तुझ्या आजोबांच्या पिढीला इंग्रिड बर्गमन माहीत होती ती 'रोसेलिनीनं सोडलेली बायको' म्हणून. आपल्याकडे नटीची ओळख अशीच लक्षात ठेवतात.

पियाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आईला भेटायला इटलीला जायचं का, यावर १९५२ मध्ये ती पोर कोर्टात उभी राहिली आणि नको म्हणाली. मायलेकींची भेट झाली ती थेट १९५७ मध्ये. इंग्रिडनं कामाला सगळ्याच्या वर ठेवलं आणि त्याची किंमत पोरांनी मोजली. तुझी आई म्हणते, पुरुष नट असता तर हे तुम्ही लिहिलंच नसतं. बरोबर आहे तिचं. तरी लिहितो. आणि बघ, १९७८ मध्ये इंगमार बर्गमन (नातं काही नाही, फक्त आडनाव एक) यांच्या 'ऑटम सोनाटा'त तिनं काय केलं, तर मैफिलींसाठी मुलींना वाऱ्यावर सोडणारी पियानोवादक आई! संहितेवरून दिग्दर्शकाशी कडाडून भांडली, पण भूमिका टाकली नाही. मुलगी रात्रभर आरोप करते आणि आई ऐकते, तेव्हा फक्त इंग्रिडचा चेहरा बघ. तेव्हा तिला कर्करोग होता. शेवटचं काम १९८२ चं, टीव्हीसाठी केलेली इस्राएलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांची भूमिका. त्याच वर्षी २९ ऑगस्टला, सदुसष्टाव्या वाढदिवशी, लंडनला गेली. त्या भूमिकेचा एमी हा टीव्हीचा पुरस्कार घ्यायला कोण गेलं सांग? पिया.

मधल्या वर्षांतली नाटकं मोजत बसत नाही. इब्सेन, तुर्गेनेव, शॉ, मॉम, सगळे झाले. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसला पायाचं हाड मोडलं तर व्हीलचेअरवर बसून प्रयोग केले, बंद ठेवले नाहीत.

पण युजीन ओनीलची हकीकत तुला सांगायलाच हवी. १९४१ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला त्यांच्या 'अॅना क्रिस्टी'मध्ये काम करत होती. ओनील यांनी घरी बोलावलं, आपण लिहीत असलेल्या नाटकांची आख्खी मालिका दाखवली आणि म्हणाले, काही वर्षं दे मला, यात कायम काम कर. नोबेल मिळालेला नाटककार समोरून मागतोय! तिला नाही म्हणावं लागलं, कारण ती सेल्झनिकच्या सात वर्षांच्या कराराला बांधलेली होती. तो तिला दुसऱ्या स्टुडिओंना भाड्यानं द्यायचा आणि वरचा पैसा खिशात घालायचा. ओनील यांच्या त्या मालिकेतलं एक नाटक तिनं केलं ते १९६७ मध्ये, सव्वीस वर्षांनी. ओनील जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

म्हणून माझं म्हणणं असं. मालिका घ्यायला माझी ना नाही. अभ्यासक्रम सुटला तर वाईट वाटेल, पण जग बुडणार नाही. त्याआधी कराराची प्रत मला पाठव, व्हॉट्सअॅपवर फोटो नको, स्कॅन करून. किती वर्षं बांधून घेतायत, आणि त्या काळात रात्री नाटकाचा प्रयोग करायची मुभा लेखी आहे की नुसती तोंडी, एवढं मला बघायचंय. "मॅडम, अॅडजस्ट करू" याला कोर्टात अर्थ नसतो. विभागात एक वर्षाची सूट मिळते का, हेही सरांना समोर बसून विचार. आपणच ठरवून मोकळी होऊ नकोस. मुभा लेखी मिळाली तर खुशाल सही कर. नाही मिळाली तर काय करायचं ते तूच ठरव, पण मग मला इंग्रिडचं नाव सांगू नकोस.

शिफ्ट बारा तासांची म्हणतेस, म्हणजे पंधरा धर. जेवण वेळेवर कर. आई स्वतंत्र लिहिणार आहे, तिचं मत माझ्यापेक्षा वेगळं आहे.

तुझा,
बाबा