लॅमिंग्टन रोडच्या काकांना, बिलाच्या मागच्या बाजूबद्दल

काका,

स. न. वि. वि.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उगाच रांग लागेल आणि तुम्ही वैतागाल. काउंटरमागे खिळ्यांना लटकलेली वायरींची भेंडोळी आणि कायम गरम असलेली सोल्डरिंग गन, एवढी खूण तुम्हाला पुरे.

चौदा हजार रुपये घेऊन कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाजही टिपणारा, स्टुडिओतला) मागायला आलेल्या आम्हा तिघांना तो न विकता तुम्ही विचारलंत, "खोलीत लादी आहे की गालिचा?" मग बिल उलटं करून बॉलपेननं एक चौकोन काढलात, त्यात एक फुली मारलीत आणि बाजूला पाच-सहा आकडे लिहिलेत. त्या आकड्यांचे आभार मानायला हे पत्र. उघडं लिहितोय, कारण घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो कागद उपयोगी पडेल.

पहिला आकडा ४८. कंडेन्सरला चालायला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच येणारी वीज, लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये माइकबरोबर साडेतीन एमएमच्या पिनची वायर येते. ती मोबाइलमध्ये खुपसली की एकतर आवाजच येत नाही, नाहीतर सर्दी झाल्यासारखा येतो. पिनेवर काळ्या कड्या दोन आहेत की तीन, हे कुणी बघत नाही. तुम्ही ते दोन वायरी शेजारी धरून दाखवलंत. शेवटी निम्मे पैसे इंटरफेसला, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीला, गेले. एक माइक इनपुट, एक वाद्याचं इनपुट, ४८ व्होल्टचं बटण आणि डायरेक्ट मॉनिटरचं बटण, एवढं असलं की झालं. उरलेल्या पैशात डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात धरतात तसला), कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन, आडवा दांडा (बूम) असलेलं स्टँड आणि तुम्ही तिथंच जोडून दिलेली तीन मीटरची केबल.

डायनॅमिक माइक खोली ऐकत नाही असं सगळे म्हणतात. ते अर्धसत्य आहे हे तुमच्यामुळे कळलं. तो तेवढा संवेदनशील नसतो, म्हणून त्याच्याजवळ जाऊन गावं लागतं, आणि जवळून गायलं की गळा खोलीपेक्षा मोठा पडतो. करामत अंतराची. तोच माइक दोन फुटांवर ठेवला तर न्हाणीघरच ऐकू येतं. शुअरचा एसएम ५८ १९६६ सालापासून स्टेजवर टिकला आहे तोही तोंडाजवळ धरला जातो म्हणून.

पण जवळ म्हणजे किती? तुम्ही 'चार बोटं' लिहिलंत. बोलण्याला ठीक आहे. गाताना चार बोटांवर खर्ज फुगतो, कारण एका दिशेनं ऐकणारे माइक जवळच्या आवाजाचा खालचा भाग वाढवतात. एक वीत बरी, आणि तार सप्तकात जाताना आणखी अर्धी वीत मागे. माइक तोंडासमोर सरळ न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे किंचित तिरका ठेवला की 'प', 'फ', 'भ'चे फुत्कार बाजूनं निघून जातात. भरतकामाच्या लाकडी रिंगवर जुना पातळ मोजा ताणून बसवला की पॉप फिल्टर तयार. रिंग माइकपासून चार बोटं लांब हवी. चिकटून असेल तर उपयोग शून्य. तुमची चार बोटं इथं कामाला आली!

आता तो चौकोन, म्हणजे आमची खोली, आणि फुली म्हणजे गाणाऱ्याची जागा. फुली मधोमध नव्हती आणि कोपऱ्यातही नव्हती, हे घरी गेल्यावर लक्षात आलं. कोपऱ्यात खालचे सूर साचतात, आणि बरोबर मध्यावर काही सूर गायबच होतात. फुलीच्या मागची जाड रेघ म्हणजे गोधडी, तीही गाणाऱ्याच्या पाठीमागे. बहुतेक लोक ती माइकमागे टांगतात. पण माइक बघतो गाणाऱ्याकडे, म्हणजे त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे, आणि तिथून परत येणारा आवाज थेट माइकच्या तोंडात शिरतो. दोन गोधड्या एकावर एक, भिंतीपासून वीतभर सुटून टांगलेल्या. पायाखाली सतरंजी, बाजूला कपड्यांचं कपाट दारं उघडी टाकून. मध्ये उभं राहून टाळी वाजवायची. टाळीमागून 'टर्रर्र' अशी शेपटी आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींतली एक अजून झाकायची आहे.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवण्याबद्दल विचारल्यावर तुम्ही नुसते हसलात. हिशेब असा: १०० हर्ट्झच्या, म्हणजे खालच्या, सुराच्या लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर. पाव इंचाचा पुठ्ठा त्याला काय अडवणार? पातळ फोमचंही तेच. वरचे सूर तेवढे खातो, खालचे तसेच राहतात आणि खोली गोणपाटात गुंडाळल्यासारखी वाजते.

पेटीचा मात्र तुमच्या कागदावर एकच शब्द होता: 'भाता'. सगळं त्यातच आलं. माइक भात्याच्या बाजूला ठेवला की स्वरांआधी हवेचा उसासा आणि बिजागरीची कुरकुर येते. वरच्या बाजूनं, हातभर उंचीवरून, पट्टीच्या मधल्या सप्तकाकडे रोखला की आवाज समतोल येतो. आणखी जवळ नेला तर पट्ट्यांची खटखट. पेटी जाड घडीच्या घोंगडीवर ठेवावी, नाहीतर लादी थरथरते.

पेटी आपला सूर सोडत नाही, म्हणून बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं. पेटीची काळी एक ही ट्यूनरच्या काळी एकपेक्षा थोडी चढी किंवा उतरती असतेच. तेवढे सेंट (सुराच्या फरकाचं बारीक माप) तानपुऱ्याच्या ॲपमध्ये आधी जुळवायचे, मग त्या सुरावर तबला. शेवटी जुळवायला गेलं की सगळं पुन्हा वाजवावं लागतं. तानपुरा स्पीकरवर लावायचा नाही, हेडफोनात. आणि मोबाइलवरच रेकॉर्ड करायचं असेल तर आवाज स्वच्छ करणारी सगळी सेटिंग बंद. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशी त्या यंत्राची समजूत असते. बिचारा तानपुरा पहिला बळी जातो.

एका वेळी एकच माइक, म्हणून क्रम लागतो. आधी पेटी आणि गाणं एकत्र, कच्चं, नुसतं मापाला. त्यावर तबला, मग पेटी, आणि गळा सगळ्यात शेवटी. तबल्याला दोन्ही भांड्यांच्या मधोमध, वरून दीड फुटावर माइक. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, ठेक्यावर लावायचा नाही, तिहाईतल्या सगळ्यात जोरकस 'धा'वर लावायचा. तो 'धा' उणे १० डेसिबलच्या वर जायला नको. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, शून्याला आपटून फाटलेला शिवता येत नाही.

एका आकड्यावर मात्र तुमच्याशी भांडण आहे. 'लो कट १००, सगळ्याला' असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं. गळ्याला चालेल, पेटीलाही चालेल. डग्ग्याला लावलात तर घुमक जाते आणि उरतो डबा. डग्ग्याच्या ट्रॅकला कट नकोच, फार तर ३० ते ४० हर्ट्झवर.

हेडफोनात स्वतःचा आवाज उशिरा येतो ही सगळ्यांची तक्रार. कॉम्प्युटर आवाज थोडा साठवून मग पुढे देतो, तो साठा म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर १०२४चा बफर म्हणजे २१ मिलिसेकंद, तोही फक्त एका बाजूचा. १२८ केला तर तीनच्या आत, पण जुना लॅपटॉप कडकडायला लागतो. डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं की आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो. ब्लूटूथ हेडफोनला हे औषध लागू नाही.

पंखा बंद, फ्रिज बंद, लॅपटॉपचा चार्जर काढलेला. फ्रिजवर गाडीची किल्ली ठेवायची, म्हणजे बाहेर पडताना तो चालू करायची आठवण राहते. प्रत्येक टेकआधी पाच सेकंद गप्प बसायचं. त्या शांततेचा नमुना ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनला (गोंगाट कमी करायला) लागतो. ६ ते १२ डेसिबलपर्यंतच कमी करायचं, पुढे गेलं की गाणं पाण्याखालून येतं. वॅव फाइल (दाबून लहान न केलेली मूळ फाइल) जपून ठेवायची, आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.

तुमच्या केबलचं एक टोक मात्र घुंई करायला लागलं होतं. उघडलं तर पहिल्या पिनेला जोडलेली, आतल्या तारांभोवतीची जाळी सुटलेली. दोन आणि तीनवरचे सांधे शाबूत होते. पुन्हा सोल्डर केलं आणि गप्प झालं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या केबलची जाळी जोडताना जरा पीळ देऊन घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पेटी, तबला आणि गळा, असे तिघे