पायताण, हत्तीण आणि जळालेलं नाट्यगृह

स्टुटगार्ट, डिसेंबर 2025

ती. सौ. आक्कास,
सा. न.

पार्सल मिळालं. कांदा-लसूण चटणीची बरणी शाबूत आली, पण तेल झिरपून दाजींनी घातलेल्या पेपरांवर गेलं. त्यामुळं कोल्हापूरच्या बातम्या यंदा झणझणीतच वाचल्या. आबांना सांग, सगळे वाचले, श्रद्धांजलीच्या जाहिरातींसकट.

आधी पायताणाचं बोलतो. जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपलं कोल्हापुरी पायताण मॉडेलांच्या पायात घालून फिरवलं आणि नुसतं चामड्याचं सँडल म्हणून दाखवलं, तेव्हा आपल्या भावकीच्या ग्रुपवर जाळ झाला होता. मीही चार शब्द टाकलेच. 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्राचे चार जिल्हे आणि कर्नाटकाचे चार, मग नाव घ्यायला काय जड झालं होतं? पुढं त्यांनी कबूल केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि आता दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झालाय. 2,000 जोड आपल्याकडंच बनणार आणि इकडं साधारण 800 युरोला विकणार. इथल्या कँटीनमध्ये मला लोक विचारतात, तुमच्या गावचीच ना ती चप्पल? मी मान ताठ करून हो म्हणतो. पण 800 युरोतले त्या जोडाला टाके घालणाऱ्या बाईच्या हातात किती पडणार, हे तुझ्या एकाही कात्रणात नाही, आणि ग्रुपवर भडकलेल्यांपैकी कुणी ते विचारलंही नाही.

आबा चप्पल लाइनीतनं नवा जोड आणायचे तेव्हाचं आठवतंय का तुला? रात्री गोडेतेल चोळून ठेवायचा, तरी आठवडाभर अंगठ्याशी चावायचाच. मग एक दिवस तळ पायाच्या आकाराला बसायचा आणि कर्रकर्र आवाज जिन्यात आला की आपण पुस्तकं उघडायचो. एकदा ते मला सुभाषनगरात घेऊन गेले होते. दारातच हिरड्याचा आणि बाभळीच्या सालीचा वास, पुरुष तळ कापत बसलेले, आणि बायका बारीक वाद्यांची वेणी घालत होत्या, मान वर न करता, मधेच पोराला दटावत. त्या घरांतली पुढची पिढी आता शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहे. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर कातडं मिळणं अवघड झालं, महापुरात घरातला माल भिजला, आणि दुकानात रेक्झिनचा जोड निम्म्या किमतीत मिळायला लागला. यातलं काहीच मिलानमध्ये घडलेलं नाही. आपल्यातले किती जण रोज पायताण घालतात? लग्नात फेट्याखाली एक दिवस, एरवी सगळे स्पोर्ट्स शूज. आपली वस्तू कुणी नेली की आपण उठतो, ती आपल्यादेखत झिजते तेव्हा मात्र आपल्याला जेवण गोड लागतं. मला हे खरंच टोचलं, आक्का.

हत्तिणीचंही तसंच वाटतं. नांदणीच्या मठातली महादेवी जुलैअखेर जामनगरला अंबानींच्या वनतारा प्राणिकेंद्रात नेली, तेव्हा गाव ढसाढसा रडलं ते व्हिडिओ मी इथं ट्राममध्ये बघितले आणि शेजारच्या म्हातारीनं मला रुमाल दिला. तीस वर्षांहून जास्त काळ ती मठात होती, पोरंबाळं तिच्या पुढ्यात वाढली. नांदणीपासून कलेक्टर कचेरीपर्यंत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर लोक चालत आले. अंबानींची म्हणून जिओची सिमं बदलली. हे फक्त आपल्याकडंच होतं आणि त्याचा मला अभिमानच आहे. (दाजींनी कंपनी बदलल्यापासून त्यांचा फोन स्वयंपाकघरात लागत नाही, तेवढं एक सोडून. त्यांना म्हणावं, निदान रविवारी गच्चीवर या.) पण कोर्टापुढं आलेल्या अहवालात तिच्या पायाच्या जखमा आणि संधिवात होता. ती आपल्या दारात उभी होती तेव्हा तिच्या पायाकडं कुणी वाकून बघितलं होतं? आता नांदणीजवळच तिच्यासाठी केंद्र बांधायची भाषा आहे. हे आधी सुचलं असतं तर मोर्चा लागलाच नसता. हे आबांना वाचून दाखवू नकोस, ते मला म्हणतील, तिकडं जाऊन शहाणा झालास.

नाट्यगृहाबद्दल मात्र मला नीट लिहिता येत नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री बंड्यानं फोन केला, मागं ज्वाळा दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे त्या संगीतनट केशवराव भोसल्यांची जयंती. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, शेजारी खासबागेचा आखाडा. कोल्हापूर सोडून कुठं कुस्ती आणि संगीत नाटक भिंतीला भिंत लावून असतं? आबा एका रविवारी कुस्ती बघायचे, पुढच्या रविवारी नाटक, आणि दोन्हीकडं तेवढीच दाद द्यायचे. महाराज 1902 साली युरोपला आले होते, आणि रोमचं जुनं रिंगण बघून त्यांना खासबागेची कल्पना सुचली म्हणतात. म्हणजे इटलीकडनं आपणही उचललंय! फक्त महाराजांनी ते कुठनं घेतलं हे लपवलं नाही, आणि आणलं ते तालमीतल्या पोरांसाठी.

छत कोसळलं तेव्हा सगळं गाव रडलं, नटांनी भाषणं केली, निधी जाहीर झाला. शंभरावर वर्षं झाली अशा लाकडी कामाच्या इमारतीत आग विझवायची सोय कशी आहे, हे आदल्या दिवशी विचारणारा माणूस शहराला लागतो. असा माणूस मोर्चात दिसत नाही, त्याचा फोटो येत नाही.

असली माणसं आपल्याकडं नाहीत असं नाही. मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठाचंच बघ. वकिलांनी चाळीसेक वर्षं तीच मागणी लावून धरली, पिढ्या बदलल्या, शेवटी ऑगस्टमध्ये सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टात सर्किट बेंच बसलं, सहा जिल्ह्यांसाठी. जमिनीच्या अपिलाला आबा महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जायचे, फाईलची पिशवी उशाला घेऊन, आणि पुढची तारीख घेऊन परत. आता रिक्षानं जातील. या बातमीवर ग्रुपवर दोन अंगठे आले, त्यातला एक माझा. हत्तिणीवर तीनशे मेसेज.

असो. बंड्याला सांग, नाट्यगृहाच्या कामाचे फोटो पाठव, आत सोडत असतील तर आतले. आणि एक काम कर. चप्पल लाइनीत नको, थेट सुभाषनगरात जाऊन माझ्यासाठी कापशी घाटाचा जोड सांगून ये, नऊ नंबर, पट्टा जरा सैल. सांगतील ती किंमत दे, पैसे मी पाठवतो. दाजी घासाघीस करायला लागतील, त्यांना घरीच ठेवून जा.

आबांना शि. सा. न., बंड्यास आशीर्वाद.

तुझा,
बाळू