पावसाळ्यातली पाहणी का नको?

महोदय,

मी निवृत्त स्थापत्य अभियंता. नोकरीत पर्यावरण अहवालांची जाडजूड बाडे हाताळली. 'दुर्मीळ प्रजाती आढळल्या नाहीत' हे वाक्य इतक्यांदा वाचले, की ती टंकलेखकाचीच सवय असावी असे वाटे. आढळणार तरी कशा? प्रकल्पाआधी करायच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनात (२००६ची केंद्राची अधिसूचना) बहुतेकदा पावसाळा वगळून एकाच हंगामाची माहिती चालते. गवताळ माळावरचा तणमोर पक्षी मात्र पावसाळ्यातच गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावतो. एरवी दडून असतो. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला (म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला) हा पक्षी आपण शोधायचा उन्हाळ्यात! मीही एकदा मे महिन्यातल्या पाहणीवर सही केली आहे. जुलैत त्याच माळावर बेडकांचा असा गलका, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना.

माळढोक या दुसऱ्या माळरान पक्ष्याचे तर विचारूच नका. तो वीजतारांना धडकून मरतो, म्हणून तारा भूमिगत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

माझे मागणे लहान आहे. गवताळ माळावरच्या प्रकल्पांना जुलै-ऑगस्टची पाहणी सक्तीची करा, आणि अहवाल लिहिणाऱ्याचे मानधन प्रकल्पवाल्याच्या हातून थेट जाऊ देऊ नका.

– एक निवृत्त अभियंता