घोडे एका दिवसात हटले नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेल्वेच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने ‘२७ सप्टेंबर १८२५ रोजी वाफेचे इंजिन आले आणि घोडे गेले’ असे सरसकट लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्या दिवशी सुरू झालेल्या इंग्लंडमधील स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावर इंजिने मुख्यतः कोळसा ओढत. उद्घाटनाचा दिवस सोडला, तर उतारूंचे डबे १८३३ पर्यंत घोडेच ओढत होते.

पहिली अडचण रुळांची होती. रिचर्ड ट्रेविथिकच्या इंजिनाने १८०४ मध्येच वेल्समध्ये १० टन लोखंड आणि सुमारे ७० माणसे ओढून दाखवली. पण रूळ बीडाचे (ओतीव लोखंडाचे), आखूड तुकड्यांचे. इंजिनाच्या वजनाखाली ते तुटत गेले आणि काम पुन्हा घोड्यांकडे आले. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीत बीड ओतणाऱ्याला कारण सांगावे लागणार नाही: बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. दोन टेकूंच्या मधोमध भार आला की रुळाची खालची बाजू ताणली जाते आणि तिथूनच तडा जातो. १८२० मध्ये बर्किनशॉ या इंग्रज अभियंत्याने घडीव लोखंडाचे १५ फुटी रूळ लाटून काढले, तेव्हा कुठे जड इंजिनाला वाट मिळाली.

दुसरी अडचण वाफेची. स्टॉकटन-डार्लिंग्टन मार्गावरच्या त्या पहिल्या ‘लोकोमोशन’ इंजिनाच्या बॉयलरमधून आगीची एकच जाड नळी जात होती, पाण्याला उष्णता मिळायला पृष्ठभाग अपुरा, त्यामुळे वाफ कमी पडे. १८२८ मध्ये तर तिचा बॉयलर फुटून चालक ठार झाला. १८२९ मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेसाठी इंजिन निवडायला घेतलेल्या रेनहिल चाचणीत स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’ इंजिन जिंकले ते २५ तांब्याच्या, ३ इंची नळ्यांच्या जोरावर. शिवाय सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुरांड्यात सोडल्याने आगीतून हवेची ओढ वाढे: वेग वाढला की आग आपोआप भडके. माझ्या मते घोड्याची सद्दी संपवली ती याच जोडीने. त्याच चाचणीत फिरत्या पट्ट्यावर घोडा चालवून पळणारी ‘सायक्लोपेड’ही उतरली होती, म्हणजे तेव्हाही प्रश्न निकालात निघालेला नव्हता!

मिरज-कोल्हापूर मार्ग १८९१ मध्ये सुरू झाला तो थेट वाफेवर, म्हणून मधली ही धडपड आपल्याकडे कुणी पाहिली नाही. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात ‘रॉकेट’ची प्रतिकृती मांडताना निदान बॉयलर उभा कापून आतल्या नळ्या दाखवाव्यात, आणि शेजारी बीडाची व घडीव लोखंडाची एकेक पट्टी ठेवून मुलांना मधोमध वजन टांगू द्यावे.

– एक वाचक, कोल्हापूर