तुझी काठी पिंडारीला जाऊन आली

प्रिय शुभे,

तुझी काठी कुमाऊंतल्या पिंडारी हिमनदीच्या ट्रेकवरून सुखरूप परत आणली आहे. खालचं रबरी बूच मात्र वाटेतल्या द्वालीच्या अलीकडे दगडांत कुठेतरी निसटलं. पिंडर नदीने नेलं असेल तर एव्हाना कर्णप्रयागला अलकनंदेला मिळालंही असेल. म्हणजे तुझ्या काठीच्या बुचाला तुझ्याआधी प्रयागाचं पुण्य.

तुझ्या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला हे मला पटतं गं, पण राग यायचा तो आलाच. तेरा जणांत मी एकटी पन्नाशीची आणि सगळ्यांत हळू. तू असतीस तर निदान हळू चालणाऱ्या दोघी झालो असतो!

आता खरकियापर्यंत जीप जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी खातीपर्यंतची पाच-एक किलोमीटरचीच चाल. तेवढ्यातही माझी फजिती झाली. दोन तरुण मुलं आणि मनगटावरच्या घड्याळात दर दहा मिनिटांनी उंची बघून ती जाहीर करणारे एक गृहस्थ, हे तिघं सुसाट पुढे. मी पोचले तेव्हा त्यांचा दुसरा चहा चालू होता. मला बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांसमोर कविता म्हणणाऱ्या पोराला वाजवतात ना, तसल्या. तुला माहीत आहे मला त्या टाळ्यांचं काय होतं ते.

आमच्या वाटाड्याला सगळे 'दाज्यू' म्हणत, म्हणजे कुमाऊंनीत थोरला भाऊ. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल. जेवताना त्याने सांगून टाकलं, "कल से दीदी मेरे पीछे, बाकी सब दीदी के पीछे." मी लाजेने अर्धी झाले. घड्याळवाल्यांनी तोंड उघडलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, की जंगलात अस्वल आहे, वाटा फुटतात, कुणाचा पाय मुरगळला तर मदत माणसाच्या चालीनेच येते, आणि वरच्या विरळ हवेत आजारी पडतात ते बहुतेक धावणारेच. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी पहिला तासभर माझ्या टाचांवर बारा जणांची नजर मला नुसती टोचत होती. मागून उसासे येत होते, ते दमल्याचे नव्हते. मग माझं लक्ष दाज्यूच्या पायांकडे गेलं. हात पाठीमागे बांधलेले, पाऊल आखूड, पूर्ण तळवा टेकवून. चढ असो वा सपाटी, ताल एकच. आपण चढावर चवड्यांवर चढतो आणि मग पोटऱ्या भरून येतात. मी त्याच्यासारखी चालायला लागले आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मला धाप लागलेली नाही. धाप नसली की माणूस आजूबाजूला बघतो, एवढी साधी गोष्ट मला इतक्या वर्षांत कळली नव्हती.

आणि काय जंगल आहे ते! बांज म्हणजे तिकडचा ओक. त्याच्या खोडांवर शेवाळाची इतकी जाड गोधडी की बोट दाबलं तर दोन पेरं आत जातं आणि पाणी वर येतं. फांद्यांना राखाडी दाढ्या लोंबतात, दगडफुलाच्या जातीतल्या. मधे अक्रोड, पांगर, आणि खाली रिंगालची दाट बेटं. रिंगाल म्हणजे करंगळीएवढा बारीक बांबू. त्याच्या टोपल्या विणतात. बुरांशाची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं जागोजाग होती, पण तो फुलतो वसंतात. ऑक्टोबरात आपल्या वाट्याला पानं. एका वळणावर दाज्यूने नुसता पंजा वर केला. तेराच्या तेरा जण थांबले. समोर वाटेवर मोनाल पक्षी! मोरपंखी, तांबूस, जांभळा, अंगावर तेल ओतल्यासारखा चकाकणारा. चार-पाच पावलं तो आमच्याकडे पाठ करून चालला आणि उतारावरून खाली झेपावला. घड्याळवाले त्या वेळी घड्याळात बघत होते. मला वाईट आनंद झाला, खोटं का सांगू?

द्वालीच्या अलीकडे मात्र जंगल मधेच फाटल्यासारखं आहे. २०१३ च्या जूनमधल्या पुराने इथली जुनी वाट ठिकठिकाणी वाहून नेली. म्हणून नदीपात्रातल्या धोंड्यांवरून जायचं, लाकडी ओंडके टाकलेल्या पुलावरून पलीकडे. तिथेच मी घसरले. डावा बूट पाण्यात, तुझी काठी दोन दगडांच्या फटीत, आणि ओढून काढली तेव्हा बूच गायब. पाणी इतकं गार की आधी भाजल्यासारखंच वाटलं.

त्या पाण्याचा रंग विचारशील तर, तांदूळ धुतलेल्या पाण्यात चिमूटभर राख घातल्यासारखा. मी म्हटलं वर पाऊस झाला असेल. तर नाही. हिमनदी सरकताना तळाचा खडक दळत जाते आणि ते पीठ पाण्यात तरंगत खाली येतं. ओंजळीत घेतलं आणि पाणी गळू दिलं, तर रेघांमध्ये राखाडी पूड राहिली, बोटांत चोळली तर टाल्कम पावडरीइतकी मऊ. हिमनदी दिसायच्या दोन दिवस आधी मी तिला अशी हातात धरून बघितली. द्वालीला काफनी पिंडरला मिळते, तीही अशाच हिमनदीतून येते.

फुरकियाची रात्र विसरण्यासारखी. ट्रेक नेणाऱ्यांनी दिलेल्या स्लीपिंग बॅगची चेन तुटकी, ओला बूट उशाशी, आणि घड्याळवाले अंधारात "३२६० मीटर" म्हणाले ते मला झोपेतही ऐकू आलं.

पहाटे चारला निघालो, कारण नऊ-दहानंतर ढग वर येतात आणि मग सगळं झाकतं. इथे झाडं संपत जातात. शेवटची भूर्जं. पोथ्या लिहायचे ते भूर्जपत्र याच झाडाचं. टॉर्चच्या उजेडात सालीचे कागदासारखे पापुद्रे वाऱ्यावर फडफडत होते. खाली पडलेला एक मी उचलला, म्हटलं शुभीला यावरच पत्र लिहू. दाज्यूने वळूनही न बघता सांगितलं, "दीदी, वहीं रख दो." म्हणून हा साधा कागद.

झीरो पॉइंट, म्हणजे वाट संपते ती जागा, साधारण ३६६० मीटरवर. पोचलो तेव्हा ऊन नुकतं शिखरांवरून उतरत होतं. नंदाखाट, छांगुज आणि उजवीकडे ६८६१ मीटरचं नंदाकोट. आणि पायांखालचं गवत एकदम संपतं, सुरीने कापल्यासारखं. पुढे माती-दगडांचा सरळ कडा. तो दरवर्षी ढासळतो, म्हणून दाज्यूने आम्हाला दहा पावलं मागेच ओळीत उभं केलं. सगळे फोटो काढायला लागले आणि मी हळूच त्याला विचारलं, "ग्लेशियर कुठाय?"

त्याने समोर बोट केलं. शुभे, मी ज्याला इतका वेळ दरड समजत होते, तीच हिमनदी होती! वर शिखरांमधून उतरते तिथे ती चिरफाळलेली, निळसर-पांढरी. पण खालचं टोक मळकट, दगडगोट्यांनी लिंपलेलं, गिरणीमागच्या ढिगाऱ्यासारखं. नीट बघितल्यावर त्या मळात काचेसारखी निळी चीर दिसली, आणि मग मात्र डोळे हलेनात. तेवढ्यात समोरच्या उतारावरून पांढरा धूर निघाला. गडगडाट नंतर पोचला, तोवर धूर विरत आलेला.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी १९०६ मध्ये इथे येऊन हिमनदीचं टोक नकाशावर घेतलं होतं. तेव्हापासून ती एक किलोमीटरहून जास्त मागे हटली आहे. हे मी निघण्याआधी वाचलं होतं. दाज्यू आकडा बोलला नाही. वडिलांबरोबर मेंढ्या घेऊन यायचा तेव्हा बर्फ कुठवर असायचं ते त्याने हाताने दाखवलं, आणि तो हात खाली ओसाड गोट्यांवरच थांबला. पलीकडच्या खिंडीला ट्रेलचं नाव आहे, १८३० साली गेलेल्या इंग्रज कमिशनरचं. त्याला वाट दाखवणारा सुपी गावचा मलक सिंग. दाज्यूने गोष्ट सांगितली त्यात साहेबाचं नाव सगळ्यांत शेवटी आलं, तेही आम्ही विचारलं म्हणून.

उतरताना घड्याळवाल्यांच्या गुडघ्याने कुरकूर सुरू केली. दाज्यूने त्यांना माझ्या पुढे घेतलं, आणि मी त्यांना तुझी काठी दिली. खातीपर्यंत त्यांनी एकदाही उंची सांगितली नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते सविस्तर कळव. दाज्यू म्हणाला की मे महिन्यात काफनीची वाट बघून ठेवतो, दोन दीदींसाठी. मी हो म्हणून बसले आहे. काठीला नवं बूच बसवून घेते. न्यायला तूच ये, कुरिअरने पाठवणार नाही.

तुझी,
नीला