रस्ता झाला, मोरी राहिली

महोदय,

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. 25,000 वस्त्या, 62,500 किलोमीटर रस्ते, 70,125 कोटी रुपये. आदिवासी भागात 2011 च्या जनगणनेप्रमाणे 250 लोकवस्तीच्या पाड्यालाही रस्ता मिळणार आहे. वाचून बरे वाटले आणि लगेच आमचा नाला डोळ्यांसमोर आला.

सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यांवरच्या शाळांत मी 31 वर्षे शिकवले. शेवटची नऊ वर्षे ज्या पाड्यावर होतो, तिथे डांबरी रस्ता आहे, कामाचा फलकही आहे. रस्ता नाल्यापर्यंत येतो, खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा वर चढतो. मधे रस्त्याखालून पाणी काढून देणारी मोरी नाही. उन्हाळ्यात जीप गोट्यांवरून निघून जाते. पाहणीला येणारे साहेब उन्हाळ्यातच येतात. जूनअखेर पाणी सुरू झाले की ऑक्टोबरपर्यंत पाडा कधीही तुटतो. रोज तुटत नाही, पण उद्या तुटेल की नाही हे कुणाला सांगता येत नाही. लोकांचा घात होतो तो इथेच.

कारल्याचेच बघा. तोडा ठरल्या दिवशी झाला नाही तर कारली वेलीवरच पिवळी पडतात. व्यापाऱ्याचा टेम्पो नाल्याच्या अलीकडे थांबतो, बायामाणसे क्रेट डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येतात. एवढा जीव धोक्यात घालून आणलेला माल कुणी परत नेणार नाही, हे व्यापाऱ्याला पक्के ठाऊक असते. मग भाव तो बोलेल तो. असे दोन पावसाळे गेले की माणूस कारली लावायचे सोडतो, नागली-वरईवर भागवतो आणि दिवाळी झाली की बायकापोरांसह दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांच्या कामाला जातो. शाळेचा पट अर्ध्यावर येतो. याला आपण स्थलांतर म्हणतो आणि त्याची कारणे कोरडवाहू शेतीत शोधतो. ती आहेतच. पण चार नळकांड्यांची मोरी नसणे हेही एक कारण आहे, ते कुठल्याच अहवालात येत नाही.

एका ऑगस्टमधली रात्र विसरता येत नाही. आशाताईंनी फोन केल्यावर 108 आली, पण ती अलीकडच्या तीरावर उभी आणि बाळंतीण पलीकडे. बांबूला गोधडी बांधून झोळी केली, चौघांनी खांद्यावर घेतली. मी पुढे बॅटरी धरून पायाखालचे दगड दाखवत होतो. पाण्याच्या मध्यावर एकाचा पाय सरकला, झोळी कलली, आणि त्या बाईने तोंडातून शब्द न काढता दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरला. दोघी सुखरूप राहिल्या. त्या मुलीचे नाव पुढे पहिलीच्या पटावर मीच लिहिले.

वीज आणि पाणीही याच नाल्याला बांधलेले आहेत, हे शहरातल्या वाचकांच्या लक्षात येत नसेल. पावसात डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की नवी आणायला गाडी लागते, आणि नाल्याचे पाणी ओसरेपर्यंत गाडी येत नाही. तोवर पिठाची गिरणी बंद, म्हणून दगडी जाते पुन्हा बाहेर निघते. मोटार बंद, म्हणून दारात नळ असूनही बायका हंडे घेऊन झऱ्यावर. रस्ता, वीज, पाणी यांचे हिशेब तीन वेगवेगळ्या खात्यांत पूर्ण दिसतात, घर मात्र तिन्हींवाचून राहते.

हे आजचे नाही. 1972 च्या दुष्काळात आमच्या आईवडिलांच्या पिढीने खडी फोडून रस्ते केले. पुढे रोजगार हमीत मजुरीवर 60 आणि साहित्यावर 40 टक्के असे प्रमाण ठरले. हाताला काम मिळावे म्हणून ते योग्यच होते. पण मातीकाम आणि मुरूम त्यात बसायचा, सिमेंट-लोखंडाची मोरी अवघड जायची. म्हणून रस्ता दरसाल व्हायचा आणि दरसाल वाहून जायचा.

ग्रामसडक योजनेचे नियम मुळात चांगले आहेत. बारमाही रस्ता म्हणजे सगळ्या ऋतूंत जाता येईल असा, पाण्याचा निचरा करणाऱ्या मोऱ्या-पूल असलेला रस्ता. तो डांबरीच हवा असे त्यात म्हटलेले नाही. आमच्याकडे नेमके उलटे झाले. डांबर आले, मोरी राहिली, आणि वस्ती जोडलेली म्हणून नोंदली गेली. एकदा अशी नोंद झाली की पुढच्या यादीत ती वस्ती येतच नाही.

रस्ता झाला की गरिबी जाते, असा माझा दावा नाही. याच योजनेच्या रस्त्यांवर अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात लोक शेतीबाहेरच्या कामाला जाऊ लागल्याचे दिसले, उत्पन्न आणि मालमत्तेत मात्र फारसा फरक दिसला नाही. हे मला पटते. पण शेजारच्या ज्या पाड्याला पूल आहे, तिथले बाप्ये सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी घरी येतात आणि पोरे शाळेत राहतात. पैशात न दिसणारा हा फरक मी वर्गात पाहिला आहे.

डिसेंबर 2022 मध्ये आमच्या तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी गुजरातमध्ये सामील करा, अशी मागणी केली तेव्हा मोठी खळबळ माजली होती. त्या लोकांचे महाराष्ट्रावरचे प्रेम आटले, असे कुणी समजू नये. आजारी माणसाला धरमपूर-वलसाडला नेताना पलीकडचा रस्ता त्यांना रोज दिसतो.

नव्या टप्प्याचे काम सुरू असताना एवढेच मागणे आहे. आधी मोऱ्या आणि फरशी पूल करा, डांबर मागून आले तरी चालेल. आणि जोडलेल्या म्हणून नोंदलेल्या प्रत्येक पाड्याचा संपर्क मागच्या पावसाळ्यात किती दिवस तुटला, ते जाहीर करा. त्यासाठी नवे सर्वेक्षण नको. नाल्याला पूर आला की मी हजेरीपटावर तारखेपुढे तसा शेरा मारत असे. नऊ वर्षांचे ते हजेरीपट शाळेच्या कपाटात आहेत.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. सुरगाणा, जि. नाशिक