एका मूर्तीवरून वसाहत?

‘कोल्हापुरातील रोमन वसाहत’ हा रविवार पुरवणीतील लेख (१२ जानेवारी) वाचला. कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकाडावर सापडलेल्या पोसायडन या ग्रीक-रोमन देवाच्या कांस्यमूर्तीबद्दल सविस्तर लिहिले, हे छान झाले. कोल्हापूरकरांपैकीही अनेकांनी टाउन हॉल संग्रहालयातला हा वीतभरही उंच नसलेला समुद्रदेव पाहिलेला नसतो. मात्र या मूर्तीवरून पंचगंगेकाठी रोमन लोक वस्ती करून राहत होते, हा लेखकाचा निष्कर्ष पटत नाही.

मूर्ती एकटी सापडलेली नाही. १९४४-४५च्या सुमारास मिळालेल्या त्या साठ्यात परदेशी घडणीच्या सुरईसोबत आणि आरशासोबत अस्सल देशी वस्तूही होत्या. पाठीवर माणसे बसलेला कांस्याचा सुंदर हत्ती त्यातलाच. म्हणजे सातवाहनकाळात कोणा हौशी, सधन स्थानिकाने किंवा धातूच्या व्यापाऱ्याने हा ऐवज जमवला असणे सहज शक्य आहे. त्याने त्या देवाची पूजा केली की नुसता शोभेला ठेवला, कोण सांगणार!

उलट उदाहरण घ्या. इ. स. ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या इटलीतील रोमन शहरात १९३८ साली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तेवढ्यावरून तिथे भारतीयांची पेठ होती, असे कोणी म्हणत नाही. वस्तू माणसांपेक्षा लांबचा प्रवास करतात. हातोहात, बंदरामागून बंदर. मग कोल्हापूरला वेगळा न्याय का?

– एक वाचक, कोल्हापूर